घोरपडीचा ड्रॅगन झाला तेव्हा

१९१० साली फ्लोरेस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, रेओ नावाच्या छोट्या बंदरात, डच वसाहती सरकारचा एक लष्करी अधिकारी मुलकी कारभार पाहत होता. त्याचं नाव लेफ्टनंट व्हान स्टाइन व्हान हेन्सब्रुक. मोती आणि शिंपले काढणाऱ्या ताफ्यातली माणसं या किनाऱ्याला येत-जात असत. त्यांतल्या कॉक आणि आल्डेगॉन या दोघांनी त्याला सांगितलं, की पश्चिमेच्या कोमोडो बेटावर ‘बुआया दारात’ राहते, म्हणजे जमिनीवरची मगर. लांबी सहा-सात मीटर. आपण अशा काही मगरी मारल्याही आहेत, असं आल्डेगॉनचं म्हणणं होतं.

खलाशांच्या गप्पांतली लांबी नेहमी निम्मी करून घ्यावी, हे त्या अधिकाऱ्याला ठाऊक असावं. तरी तो स्वतः कोमोडोला गेला आणि एक प्राणी मारला. तो भरला साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. त्याने कातडं आणि एक छायाचित्र जावा बेटावरच्या बौटेनझोर्गला, म्हणजे आजच्या बोगोरला, पाठवून दिलं. तिथल्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयाचे प्रमुख होते पीटर औवेन्स. मगर नाही, हे त्यांना पाहताक्षणी कळलं असणार. ही होती घोरपड. आपल्या सह्याद्रीत, शेताच्या बांधावर, पडक्या वाड्याच्या भिंतीत दिसते तिच्याच ‘व्हरॅनस’ या प्रजातीतली. फक्त आपली घोरपड फार वाढली तरी पावणेदोन मीटरच्या आत राहते आणि तिच्या वजनाची दखल कुणी घेत नाही. कोमोडोचा नर सत्तर किलोच्या घरात सहज जातो.

औवेन्सना जास्त नमुने हवे होते, पण तोवर व्हान स्टाइनची बदली तिमोरला झाली होती. मग त्यांनी संग्रहालयाच्या एका स्थानिक संग्राहकाला कोमोडोला धाडलं. हा माणूस इतिहासात नावाशिवाय राहिला आहे. ज्याने प्राणी जिवंत पकडले त्याची ओळख ‘आमचा स्थानिक संग्राहक’ एवढीच. त्याने आणलेल्यांत सर्वांत मोठा तीन मीटरहून थोडा अधिक लांब होता. औवेन्सनी १९१२ मध्ये बौटेनझोर्गच्या वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात छोटासा निबंध लिहिला आणि प्राण्याला नाव दिलं: व्हरॅनस कोमोडोएन्सिस. शास्त्राच्या वहीत त्या वर्षी नोंद झाली.

डच माणसं या द्वीपसमूहात तीनशे वर्षं वावरत होती. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५४ पासून आठ वर्षं ही बेटं पालथी घालून पक्षी, फुलपाखरं, भुंगेरे हजारोंनी गोळा केले. मग जगातली सर्वांत मोठी पाल १९१२ पर्यंत कशी निसटली? याचं एक कारण पाण्यात आहे. सुंबावा आणि फ्लोरेस या दोन मोठ्या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून हिंदी महासागर आणि फ्लोरेस समुद्र एकमेकांत घुसतात. भरती-ओहोटीच्या वेळी तिथले प्रवाह आणि भोवरे शिडाच्या होडीला खेळवत नाहीत, थेट खडकावर नेतात. दुसरं कारण जमिनीत. कोमोडो, रिंचा, पदार ही बेटं इंडोनेशियाच्या हिरव्यागार चित्रात बसत नाहीत. पाऊस वर्षातले थोडेच महिने, बाकीचा काळ पिवळं गवत, त्यात उंच उभे लोंटार ताड आणि ओढ्याकाठी चिंच नि बोर. मिरी, लवंग, जायफळ यांच्यामागे लागलेल्या व्यापाऱ्याने इथे उतरावं असं काही नव्हतं. आणि तिसरं कारण राजकीय. फ्लोरेसवर डचांचा अंमल बराच काळ कागदावरच होता. तो बंदुकीच्या जोरावर बसला १९०७ च्या मोहिमेनंतर. म्हणजे मोहिमेनंतर तीन वर्षांत तिथल्या चौकीवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या कानावर ही गोष्ट गेली. आधी पलटण गेली, मग प्राणिशास्त्र.

कोमोडोवर माणसं मात्र होतीच. ती त्या प्राण्याला ‘ओरा’ म्हणत. त्यांची घरं खांबांवर उभी, शेळ्या संध्याकाळी आत घेतलेल्या, आणि गावच्या कबरींवर दगडांची रास रचलेली, कारण ओरा पुरलेलं मांस उकरून काढतो. त्यांच्यापुरता हा प्राणी कधी हरवलाच नव्हता. पश्चिमेला सुंबावा बेटावर बीमा नावाची सल्तनत होती आणि कोमोडो तिच्या अमलाखाली मोडत असे. त्या दरबाराला आपल्या बेटावर काय राहतं याची कल्पना नव्हती असं मानण्याचं काही कारण नाही. म्हणून १९१२ ला मी ‘शोध’ म्हणत नाही, नोंद म्हणतो.

या नोंदीनंतर जे झालं ते मात्र खरोखर नवं होतं. तीन वर्षांच्या आत, १९१५ मध्ये, बीमाच्या सुलतानाने ओराला मारण्यास मनाई करणारा हुकूम काढला. नाव छापून आलं की मागून संग्राहक येतात, कातडी विकत घेणारे येतात, हे डच अधिकाऱ्यांना अनुभवाने माहीत होतं आणि त्यांनीही या हुकुमाला पाठबळ दिलं. तो काळ लक्षात घ्या. आफ्रिकेत, भारतात, मलायात शिकारीला प्रतिष्ठा होती. वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून फोटो काढणं हे बड्या माणसाचं लक्षण होतं. अशा वेळी एका सरपटणाऱ्या, मढी खाणाऱ्या, दिसायला ओबडधोबड प्राण्याला कायद्याचं छत्र मिळालं. या सगळ्या कथेत सर्वांत कमी गाजलेली आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक घटना हीच.

पहिल्या महायुद्धामुळे आणखी काही वर्षं शांततेत गेली. युरोपातल्या संग्रहालयांना तेव्हा सरड्यांची फुरसत नव्हती. १९२३ मध्ये जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा ड्यूक आडोल्फ फ्रीडरिश येऊन काही प्राणी घेऊन गेला. अजून तरी ही बातमी प्राणिशास्त्रज्ञ आणि शिकारी उमराव यांच्यातच फिरत होती.

अमेरिकेत दरम्यान वेगळंच वारं वाहत होतं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने गोबी वाळवंटात पाठवलेल्या मोहिमेला १९२३ मध्ये डायनोसॉरची अंडी सापडली आणि वर्तमानपत्रांनी ती महिनोन्‌महिने चघळली. कॉनन डॉयलच्या कादंबरीवरचा ‘द लॉस्ट वर्ल्ड’ हा मूकपट १९२५ मध्ये आला. पडद्यावर डायनोसॉर चालताना लोकांनी पाहिले. गतकाळातलं एखादं जनावर अजून कुठेतरी जिवंत असेल, अशी आशा हवेत होती. या वातावरणात विल्यम डग्लस बर्डन या तरुणाने कोमोडोला जायचं ठरवलं. जन्म १८९८ चा, घराणं सधन, शिकारीचा नाद, आणि वर नमूद केलेल्या संग्रहालयाशी घरोबा. मोहीम संग्रहालयाच्या नावाने, उत्साह आणि पैसा बराचसा त्याचा.

१९२६ च्या या तुकडीची रचना पाहिली तर सिनेमाची पात्रयोजनाच वाटते. बर्डन आणि त्याची पत्नी कॅथरिन. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यासक एमेट रीड डन. इंडोचायनात आयुष्य काढलेला फ्रेंच शिकारी देफॉस. आणि ली फाई हा चिनी कॅमेरामन. डच सरकारने त्यांच्या दिमतीला एक वाफेची बोट दिली; तिचं नाव ‘डॉग’. जून महिन्यात ती कोमोडोच्या उपसागरात शिरली.

बर्डनने पुढच्या वर्षी लिहिलेल्या ‘ड्रॅगन लिझर्ड्‌स ऑफ कोमोडो’ या पुस्तकात ते बेट अतिशय देखणं उतरलं आहे: दातेरी डोंगर, उन्हाने करपलेलं गवत, ताडांच्या विरळ रांगा. वर्णन करताना तो स्वतःच्या भाषेच्या प्रेमात पडतो, हे खरं. पण ओराच्या सवयींबद्दल त्याने जे टिपलं त्यातलं बरंचसं पुढच्या अभ्यासकांनाही पटलं. रानडुक्कर किंवा हरीण मारून टाकायचं, ऊन चढलं की त्याचा वास वाऱ्यावर पसरायचा, आणि मग एकेक ओरा पिवळट दुभंगलेली जीभ आत-बाहेर करत येऊन पोचायचा. जीभ हेच त्याचं नाक. मोठा आला की लहान बाजूला सरायचे, आणि त्यांना सरावंच लागतं, कारण मोठे ओरा लहानांना खातात. पिल्लं आयुष्याची पहिली काही वर्षं झाडावर काढतात ती याच भीतीने.

मारणं सोपं होतं. जिवंत पकडणं कठीण. आमिषाभोवती मजबूत खुंट ठोकून एक कुंपण केलं, एकाच बाजूला वाट ठेवली, आणि त्या वाटेवर फास मांडला. दोराचं दुसरं टोक वाकवून ठेवलेल्या झाडाला बांधलं. आडोशाला बसलेल्या माणसाने दोर सोडला की झाड सरळ होणार आणि ओरा फासासकट वर खेचला जाणार. हा सापळा एका थोराड नरावर यशस्वी झाला. देफॉसने दोरखंडाचे फास टाकून त्याचं डोकं आणि शेपूट जखडलं, माणसांनी त्याला काठीला बांधून तळावर आणलं आणि लाकडी पिंजऱ्यात घातलं. हवेसाठी पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला पोलादी जाळी होती. सकाळी पाहतात तो जाळी फाटलेली आणि पिंजरा रिकामा. तुकडीला मिळालेल्या जनावरांत तोच सर्वांत मोठा होता असं बर्डन म्हणतो. हातचं सुटलेलं जनावर कधी लहान नसतं, तेव्हा हे ऐकून सोडून द्यावं.

कॅथरिनचा प्रसंग या पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध. आमिषाजवळ ती एकटी होती, देफॉस दुसरा सापळा बघायला गेलेला, बंदूक हाताला लागेल अशा अंतरावर नाही. गवतात ती दबून बसली आणि एक मोठा ओरा सरळ तिच्या दिशेने येत राहिला. अगदी जवळ आल्यावर देफॉस परतला आणि त्याने गोळी घातली. प्रसंग घडला यात शंका घ्यायला नको. त्याची मांडणी मात्र पट्टीच्या गोष्टीवेल्हाळाची आहे. ही बाई, हे जनावर आणि हे बेट पुढे पडद्यावर कसे गेले ते बघूच.

मोहिमेने बारा मृत नमुने आणि दोन जिवंत ओरा अमेरिकेला नेले. मोजमापं डनने केली आणि १९२७ मध्ये संग्रहालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध केली. वीस फुटी मगरींची भाषा तिथे संपली. मोठ्यात मोठा नर नऊ फुटांच्या आसपास भरला. आजही खात्रीने मोजलेला सर्वांत लांब ओरा ३.१३ मीटर, म्हणजे सव्वादहा फूट आहे, आणि त्याचं १६६ किलो वजन पोटातल्या न पचलेल्या भक्ष्यासकट होतं. यशवंती घोरपडीच्या शेपटाला दोर बांधून मावळे कोंढाण्याचा कडा चढले ही कथा आपल्याकडे लहानपणापासून कानावर असते, आणि इतिहासकार तिला पुरावा नाही म्हणतात तरी ती काही केल्या जात नाही. घोरपडीच्या कुळाला दंतकथा लवकर चिकटतात, एवढंच म्हणायचं.

बर्डनचा खरा प्रभाव डनच्या तक्त्यांतून पडला नाही. त्याने ‘ड्रॅगन’ हा शब्द वापरला, नॅशनल जिऑग्राफिकमध्ये लेख लिहिला, चित्रफीत दाखवली. दोन जिवंत ओरा ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले तेव्हा ते बघायला लोटच्या लोट आले. दोन्ही जनावरं फार दिवस जगली नाहीत. बाकीच्यांतली तीन पेंढा भरून संग्रहालयात मांडली गेली.

बर्डनचा एक मित्र होता, मेरियन कूपर; विमानचालक, साहसी, सिनेमावाला. त्याच्या डोक्यात एका अवाढव्य गोरिलाची गोष्ट घोळत होती. सुरुवातीला त्याचा बेत असा होता, की खऱ्या गोरिलाचं आणि खऱ्या कोमोडो ड्रॅगनचं वेगवेगळं चित्रण करायचं आणि पडद्यावर त्यांची झुंज लावायची. ते जमलं नाही, आणि विलिस ओब्रायनच्या हातच्या हलत्या पुतळ्यांनी काम भागवलं. पण कथेचा सांगाडा पाहा: नकाशावर न सापडणारं दूरचं बेट, आदिम जनावरं, मोहिमेत एक सुंदर स्त्री, जिवंत पकडून न्यूयॉर्कला आणलेला राक्षस, बघ्यांची गर्दी आणि शहरातच त्याचा अंत. ब्रॉन्क्सचे ड्रॅगन शहरी संस्कृतीने मारले असं आपण सांगितलं, तेव्हाच कूपरला आपल्या गोरिलाचा शेवट सुचला, असं बर्डनने पुढे कूपरला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. ‘किंग काँग’ १९३३ मध्ये प्रदर्शित झाला. तोवर जगाच्या मनात कोमोडोचं चित्र कायमचं ठरून गेलं होतं: माणसावर झेप घेणारा, डायनोसॉरच्या काळातून उरलेला राक्षस.

त्याच सुमाराला लंडनमध्ये एक बाई याच्या नेमकं उलटं चित्र उभं करत होती. तिच्याबद्दल सिनेमा निघाला नाही.

जोन प्रॉक्टर १८९७ ची. शाळकरी वयात तिने मगरीचं पिल्लू पाळलं होतं आणि ते वर्गात नेऊन गणिताच्या तासाला गोंधळ उडवला होता. पोटाच्या जुनाट दुखण्याने तिचं नेहमीचं महाविद्यालयीन शिक्षण राहिलं, पण ब्रिटिश म्युझियममध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात काम करता करता ती त्या विषयातली जाणकार झाली, आणि १९२३ मध्ये लंडन झूच्या त्या विभागाची प्रमुख. १९२७ मध्ये तिथे उघडलेलं नवं सर्पगृह तिने स्वतः आखलेलं. कुठल्या जनावराला किती ऊब, कुठे ऊन, कुठे सावली, याचा विचार करून पिंजरे बांधणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. त्याच वर्षी दोन ओरा तिथे आले. नावं ठेवली सुंबावा आणि सुंबा.

प्रॉक्टरने पाहिलं ते असं: हे जनावर माणसं ओळखतं, आवाज ओळखतं, आणि भीती गेली की शांत वागतं. ऑक्टोबर १९२८ मध्ये झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत ती जिवंत सुंबावाला घेऊन गेली. शास्त्रज्ञांपुढच्या टेबलावर त्याने तिच्या हातून अंडी, कबुतर आणि कोंबडी खाल्ली, आणि मग तो लोकांमधून सावकाश हिंडला. या सभेचा तिने लिहिलेला वृत्तान्त सोसायटीच्या कार्यवृत्तात आहे, आणि त्यात कुठेही थरार नाही. एक निरोगी प्राणी काय करतो याचं ते निवेदन आहे. झूच्या आवारात ती त्याला फिरवायलाही न्यायची, आणि दिशा बदलायची असली की शेपूट धरून वळवायची. शेवटी शेवटी तिला स्वतःला चाकाच्या खुर्चीतून फिरावं लागलं. १९३१ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती गेली.

म्हणून ओरा निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. रानातला भुकेला ओरा म्हैस लोळवतो, आणि कोमोडोवर माणसांवर हल्ले झाले आहेत, काही मृत्यूही. पण बर्डनचा राक्षस आणि प्रॉक्टरचा सुंबावा हे एकाच जातीचे, एकाच काळातले प्राणी. कुठला लोकप्रिय होणार हे उघड होतं.

वसाहती सरकारचं धोरण या गाजावाजाने बदललं नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. उलट परवान्याशिवाय पकडणं आणि बाहेर नेणं अधिक कठीण होत गेलं. १९३१ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यात ओराचा समावेश झाला आणि १९३८ मध्ये पदार आणि रिंचावर राखीव क्षेत्रं झाली. संग्रहालयांनी आणि झूंनी मिळून जेवढे ओरा नेले ते मोजके होते. त्या वीसेक वर्षांच्या वेडाने जात संपली नाही, कारण त्याच्याआधीच एक हुकूम तिथे जाऊन बसला होता.

दुसरं महायुद्ध, जपानी ताबा, स्वातंत्र्यलढा यांच्या धामधुमीत ओराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. १९५६ मध्ये डेव्हिड अॅटनबरो बीबीसीच्या ‘झू क्वेस्ट’ मालिकेसाठी कोमोडोला पोचला. त्याने ओराचं चित्रण केलं, सापळ्यात एक पकडलाही, पण नव्या इंडोनेशियाच्या सरकारने तो देशाबाहेर नेऊ दिला नाही. बर्डनच्या वेळी बोट देणारं सरकार आणि हे सरकार यांत तीस वर्षांचं अंतर होतं.

खरा अभ्यास त्यानंतर आला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर ऑफनबर्ग १९६९-७० मध्ये बायको-मुलांसह कोमोडोवर मुक्काम करून राहिला. त्याचा १९८१ चा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. ओराच्या लाळेतले जंतूच भक्ष्याला मारतात, ही पुढे पाठ्यपुस्तकांत गेलेली कल्पना त्याच्यापासून पसरली. चावलेली म्हैस पळून जाते, काही दिवसांनी मरते, मग ओरा वासाने तिला गाठतो. यातलं निरीक्षण खरं, कारण वेगळं निघालं. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या विषग्रंथी दाखवल्या. त्यातली द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत आणि रक्तदाब उतरवतात. पुढे झूमधल्या ओरांची तोंडं तपासली तेव्हा त्यांत खास जीवघेणे जंतू सापडले नाहीत. विषाचा वाटा किती आणि करवती दातांनी केलेल्या जखमेचा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. म्हशीचं म्हणाल, तर ती माणसाने या भागात आणलेली. जखम घेऊन घाणेरड्या डबक्यात जाऊन बसते आणि तिथेच तिची जखम चिघळते, असंही एक म्हणणं आहे.

डायनोसॉरचा वारसदार ही कल्पना तर पारच निकालात निघाली. २००९ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या जीवाश्मांवरून दिसलं, की ही जात क्वीन्सलँडमध्ये सुमारे अडतीस लाख वर्षांपूर्वी होती आणि फ्लोरेसवर तिचे पुरावे नऊ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. बेटावर अडकून ती राक्षसी झाली नाही. ती मोठीच होती. बाकी ठिकाणची संपली, इथली उरली. या शतकातली आणखी एक गंमत इंग्लंडमधली. २००६ मध्ये लंडन आणि चेस्टर इथल्या झूंतल्या दोन माद्यांनी नराशिवाय गर्भ धरलेली अंडी घातल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. एखादी मादी पोहत किंवा वाहत रिकाम्या बेटाला लागली, तर तीच तिथे वंश सुरू करू शकेल, असा त्याचा अर्थ लावला गेला.

इंडोनेशियाने १९८० मध्ये कोमोडो राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं आणि १९९१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. संरक्षण म्हणजे निव्वळ रेघ ओढणं नव्हे, हे पदारने तोवर दाखवून दिलं होतं. १९३८ पासून राखीव असलेल्या त्या बेटावर ओराला कुणी हात लावला नाही, पण हरणं चोरून मारली गेली. भक्ष्य गेलं तसा ओराही गेला. १९७० च्या दशकात पदार त्याच्याविना झालं. फ्लोरेसच्या मुख्य बेटावर, जिथे उद्यानाची हद्द पोचत नाही, तिथेही हरीण आणि जंगल दोन्ही आटत गेली आणि ओरा किनाऱ्याच्या काही पट्ट्यांत आक्रसला. बंदुकीपेक्षा कुऱ्हाड आणि हरणाचा फास त्याला जास्त महागात पडले.

उद्यानाची दुसरी किंमत कोमोडो गावाने मोजली. तिथल्या लोकांचं जगणं हरीण, जंगलातलं साबुदाण्याचं झाड, समुद्र यांवर चालत असे. शिकार बंद, झाड तोडणं बंद, मासेमारीवर मर्यादा. पुढे पर्यटक आले तेव्हा हेच लोक लाकडाचे ओरा कोरून विकू लागले. २०१९ मध्ये ओराची पिल्लं चोरून विकणारी टोळी पूर्व जावाच्या पोलिसांनी पकडली. त्यानंतर कोमोडो ज्यात मोडतं त्या प्रांताने जाहीर केलं, की जानेवारी २०२० पासून बेट वर्षभर बंद राहील. सुमारे दोन हजार गावकऱ्यांना तिथून हलवण्याचीही भाषा झाली.

गावकऱ्यांनी विरोध केला आणि आपल्या बाजूने जी साक्ष काढली ती औवेन्सच्या निबंधापेक्षा जुनी होती. नाग राजकन्येला जुळं झालं: एक मुलगा, गेरोंग, आणि एक मुलगी, ओरा. दोघं वेगळी वाढली. पुढे गेरोंग शिकारीला गेला असताना हरणावर टपलेल्या ओरावर त्याने भाला उगारला, तेव्हा आई प्रकट झाली आणि म्हणाली, “हिला मारू नकोस बाळा, ही तुझी बहीण. तुम्ही दोघं एकाच कुशीतली.” तेव्हापासून गाव ओराला मारत नाही, आणि शिकार झाली की त्याचा वाटा रानात ठेवायची रीत होती, असं तिथले म्हातारे सांगतात. बहिणीपासून आम्हाला कसं तोडता, असा त्यांचा सवाल होता. सरकारने बंदचा बेत मागे घेतला.

मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रिंचावर नव्या पर्यटन केंद्राचं बांधकाम चालू असताना ट्रकसमोर उभ्या ओराचं छायाचित्र देशभर फिरलं, लोकांनी त्या प्रकल्पाला ‘जुरासिक पार्क’ म्हणायला सुरुवात केली, आणि बर्डनच्या वारशाचं हेही एक टोक म्हणायला हरकत नाही. बांधकाम थांबलं नाही. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ओराला ‘धोक्यात’ या गटात टाकलं. प्रौढ ओरांचा अंदाज १,३८३. समुद्राची पातळी आणि तापमान वाढत राहिलं तर पुढल्या पंचेचाळीस वर्षांत त्यांचा अधिवास किमान तीस टक्क्यांनी घटेल, असं भाकीत. किनारपट्टीच्या सखल दऱ्याच त्यांना मानवतात, आणि पाणी पहिल्यांदा तिथेच चढणार.

२०२२ मध्ये कोमोडो आणि पदारचं प्रवेशशुल्क एका झेपेत ३७ लाख ५० हजार रुपिया करण्याची घोषणा झाली. कारण दिलं गेलं निसर्गरक्षणाचं. ऑगस्टमध्ये फ्लोरेसवरच्या लाबुआन बाजो बंदरातल्या बोटवाल्यांनी, वाटाड्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी संप केला, आणि वर्ष संपता संपता ती वाढ रद्द झाली.